'गो' कुठे जातो, कुठे अडतो

इंग्रजी शिकायला बसलं की पहिल्या आठवड्यातच 'गो' भेटतो. जाणे म्हणजे गो, एवढं पाठ होतं आणि माणूस पुढच्या शब्दाकडे वळतो. काही महिन्यांनी मग कळतं की 'द मिल्क हॅज गॉन ऑफ' यातलं दूध कुठेही गेलेलं नाही, जागच्या जागी नासलंय. आणि 'चालत गेलो' हे सांगताना 'गो' तोंडातून निघायलाच नको होता. या शब्दाच्या बहुतेक चुका इंग्रजी कमी येतं म्हणून होत नाहीत. आपण मराठीतलं 'जाणे' जसंच्या तसं उचलून तिकडे ठेवतो, म्हणून होतात. तेव्हा सुरुवात 'गो'पासून न करता 'जाणे'पासून केलेली बरी.

पायरी १: आधी आपलं 'जाणे' तपासा

मराठी वाक्यात 'जाणे' दिसलं की विचारा, इथे ते नेमकं काय काम करतंय? त्याची निदान पाच कामं आहेत आणि त्यांपैकी सगळ्यांना 'गो' चालत नाही.

कुणीतरी खरोखर एका जागेहून दुसऱ्या जागी चाललं असेल, तर प्रश्नच नाही. 'ती बँकेत गेली' म्हणजे 'शी वेन्ट टू द बँक'.

जाण्याची रीत सांगितली असेल, म्हणजे 'चालत गेली', 'लंगडत गेला', तर 'गो' सहसा गळतो. पायरी ५ त्यासाठीच आहे.

कधी 'जाणे' दुसऱ्या क्रियापदाच्या शेपटीला लागलेलं असतं: 'विसरून गेलो', 'घाबरून गेली', 'संपून गेलं'. या 'गेलो'त गती नाही. काम पुरतं झालं, एवढंच ते सांगतं. इंग्रजीत ते सरळ सोडून द्या: 'आय फर्गॉट'. पुरतं झाल्याची छटा हवीच असेल तर इंग्रजी एखादा छोटा शब्द मागे जोडते. पक्षी उडून गेला, 'द बर्ड फ्लू अवे'. घर जळून गेलं, 'द हाउस बर्न्ट डाउन'.

कर्मणी प्रयोगातलं 'जाणे' वेगळंच: 'असं मानलं जातं', 'दार उघडलं गेलं'. तिथे 'बी'चं रूप लागतं: 'द डोअर वॉज ओपन्ड'. इथे 'वेन्ट' टाकला तर वाक्य मोडतं.

उरलं पाचवं काम, आणि तेच सर्वांत फसवं. काहीतरी नाहीसं झालं, हातचं गेलं, बिघडलं. 'वीज गेली' याला 'द पॉवर हॅज गॉन आउट' चालतं. 'दुखणं गेलं' याला 'द पेन हॅज गॉन' चालतं. पण 'त्याची नोकरी गेली' याला 'ही लॉस्ट हिज जॉब' म्हणतात आणि 'तोल गेला' याला 'ही लॉस्ट हिज बॅलन्स'. साधारण खूण अशी: गेलेली गोष्ट कुणाच्या तरी मालकीची असेल आणि नुकसान त्या माणसाचं झालं असेल, तर 'लूज' शोधा. 'डाग जात नाही' हे आणखी गमतीचं. इंग्रजीत डाग जात नाही, 'येत' नाही: 'द स्टेन वोन्ट कम आउट'. 'भांड्याला तडा गेला' यात तर जाणंही नाही आणि येणंही नाही, नुसतं 'इट क्रॅक्ड'.

एका जागी मात्र दोन्ही भाषा अगदी जुळतात. 'पेपर कसा गेला?' म्हणजे 'हाउ डिड द एक्झाम गो?' उत्तर देताना 'इट वेन्ट गुड' म्हणू नका. 'इट वेन्ट वेल' म्हणा, कारण कसा गेला याचं उत्तर क्रियाविशेषणाने द्यायचं असतं.

पायरी २: रूपं पक्की करा

गो, गोज, वेन्ट, गॉन, गोइंग. 'गोज'चा शेवटचा ज 'रोज'मधल्यासारखा. स्पेलिंगवरून 'गोएस' म्हणण्याचा मोह टाळा. 'गॉन'मधला स्वर 'गो'सारखा नाही, 'ऑन'सारखा आहे.

'वेन्ट' हे रूप 'गो'शी काहीच नातं दाखवत नाही म्हणून नवखे वैतागतात. खरंच नातं नाही. ते 'वेन्ड' या जुन्या क्रियापदाचं भूतकाळी रूप. 'गो'चं स्वतःचं जुनं रूप मागे पडलं आणि याने जागा घेतली. मराठी माणसाने मात्र याबद्दल तक्रार करू नये. 'जातो' आलं संस्कृत 'या' धातूवरून आणि 'गेलो' आलं 'गम्'च्या 'गत'वरून. 'जातो, गेलो' हा प्रकार आपल्याला कधी खटकला नाही, तसाच 'गो, वेन्ट' हाही अंगवळणी पडतो.

चुका ठरलेल्या जागी होतात. 'डिड' आला की भूतकाळ त्याने आधीच घेतलेला असतो, म्हणून 'डिड यू गो?', 'आय डिडन्ट गो'. 'डिड यू वेन्ट?' मध्ये भूतकाळ दोनदा मोजला जातो. 'हॅव', 'हॅज', 'हॅड' यांच्यामागे 'गॉन', कधीच 'वेन्ट' नाही. आणि 'इज गॉन' हा निराळा प्रयोग ध्यानात ठेवा: 'माय पेन इज गॉन' म्हणजे पेन होतं तिथे नाही, नाहीसं झालं.

पायरी ३: 'टू' लावायचा की नाही

इथे सर्वांत जास्त चुका होतात, कारण मराठीत 'ला', 'त', 'कडे' यांपैकी कधी काहीतरी येतं, कधी काहीच येत नाही, आणि दोन्ही आपल्याला सारखंच नैसर्गिक वाटतं.

साधा नियम असा: जायच्या ठिकाणाचं नाम असेल तर 'टू'. 'टू द मार्केट', 'टू द ऑफिस', 'टू माय फ्रेंड्स हाउस'. पण 'कुठे' या प्रश्नाचं उत्तर एखाद्या शब्दाच्या पोटातच असेल तर 'टू' नको. 'देअर' म्हणजेच 'तिथे', त्यात 'थे' आधीच आहे. तसेच 'अब्रॉड', 'आउट', 'इनसाइड', 'अपस्टेअर्स', 'डाउनस्टेअर्स' आणि सर्वांत महत्त्वाचा 'होम'. 'आय ॲम गोइंग होम.' 'गोइंग टू होम' हे कानाला लगेच खटकतं. मात्र त्याच 'होम'च्या आधी 'माय', 'हिज' असं काही आलं की तो साधं नाम होतो आणि 'टू' परत येतो: 'वी वेन्ट टू हिज होम'.

पुढची गाठ 'द'ची. 'गो टू स्कूल', 'गो टू वर्क', 'गो टू बेड' यांत इमारत किंवा वस्तू महत्त्वाची नसते, तिथलं नेहमीचं काम महत्त्वाचं असतं. विद्यार्थी 'गोज टू स्कूल'. मुलाची वही पोचवायला गेलेला बाप 'गोज टू द स्कूल'. 'गो टू बेड' म्हणजे झोपायला जाणे. 'गो टू द बेड' म्हणजे पलंगापाशी जाणे, झोपेचा संबंध नाही. 'गो टू स्लीप' आणखी वेगळं: झोप लागणे. उपचारासाठी दाखल व्हायला ब्रिटिश माणूस 'गो टू हॉस्पिटल' म्हणतो, अमेरिकन तिथेही 'द' लावतो. दोन्हींपैकी एक धरा आणि तेच चालवा. 'ऑफिस', 'बँक', 'मार्केट', 'स्टेशन' यांना ही सवलत नाही, 'द' लागतोच.

वाहन सांगताना नुसतं वाहनाचं नाव असेल तर 'बाय': 'बाय बस', 'बाय ट्रेन'. कुणाचं किंवा कोणतं हे आलं की 'बाय' जातो: 'इन माय कार', 'आठच्या बसने' या अर्थी 'ऑन द एट ओक्लॉक बस'. 'बाय माय कार' चूक. पायी जाण्याला 'ऑन फूट'.

'-आयला' हे मराठी रूप इंग्रजीत फार सोपं होतं. 'पुस्तक आणायला गेला' म्हणजे 'ही वेन्ट टू गेट अ बुक'. 'टू'नंतर क्रियापदाचं मूळ रूप, बस. 'वेन्ट फॉर गेटिंग' नको, 'वेन्ट टू गॉट' तर अजिबात नको. 'फॉर' हवाच असेल तर पुढे नाम आणा: 'गो फॉर अ वॉक', 'गो फॉर अ स्विम'. 'फिरायला जाऊ' याचं 'लेट्स गो टू वॉक' करू नका.

पायरी ४: येतो म्हणून जाणे, आलो म्हणून न येणे

निरोप घेताना आपण 'जातो' म्हणत नाही, अशुभ वाटतं. 'येतो हं' म्हणतो. इंग्रजीत दारात उभं राहून 'आय ॲम कमिंग' म्हटलंत तर समोरचा गोंधळेल: कोण येतंय, कुठे? तिथे 'आय शुड गेट गोइंग', 'आय मस्ट बी गोइंग' किंवा सरळ 'आय ॲम ऑफ'. यात काही अशुभ नाही.

उलट दुसऱ्या खोलीतून कुणी हाक मारली तर आपण जागेवरून न हलताच 'आलो!' म्हणतो. इंग्रजीत भूतकाळ नको: 'कमिंग!' बोलणाऱ्याच्या किंवा ऐकणाऱ्याच्या दिशेने चाललेली हालचाल म्हणजे 'कम', हे मराठीसारखंच आहे. 'मी तुझ्याकडे येतो' याचं 'आय विल कम टू युअर प्लेस' बरोबर होतं.

'बीन' आणि 'गॉन' मधला फरक मात्र मराठीला नवा आहे, कारण 'ती बँकेत गेली होती' आणि 'ती बँकेत गेली आहे' हे आपण काळाने वेगळं करतो. इंग्रजीत 'शी हॅज गॉन टू द बँक' म्हणजे ती अजून तिथे किंवा वाटेत आहे, इथे भेटणार नाही. 'शी हॅज बीन टू द बँक' म्हणजे जाऊन आली. एखादं ठिकाण पाहिलंय का, हे विचारताना नेहमी 'बीन': 'हॅव यू बीन देअर?' स्वतःबद्दल 'आय हॅव गॉन टू...' बोलताना थांबा. तुम्ही तिकडे गेलेले असाल तर इथे बोलतंय कोण?

पायरी ५: 'चालत जाणे'तून 'जाणे' काढा

ही पायरी जमली की बोलणं एकदम इंग्रजी वाटायला लागतं, म्हणून इथे वेळ घालवा.

मराठीत मुख्य क्रियापद दिशा सांगतं आणि रीत बाजूला 'त' लावून येते: चालत गेला, पळत आला, रांगत बाहेर गेलं, पोहत पलीकडे गेली. इंग्रजीत उलट. रीत मुख्य क्रियापदात बसते आणि दिशा एखाद्या छोट्या शब्दात. म्हणून:

पळत घरी गेला: 'ही रॅन होम'.
बाळ रांगत खोलीबाहेर गेलं: 'द बेबी क्रॉल्ड आउट ऑफ द रूम'.
पोहत नदी पार केली: 'शी स्वॅम अक्रॉस द रिव्हर'.
आमच्या समोरून सायकलवरून गेला: 'ही सायकल्ड पास्ट अस'.

'ही वेन्ट टू होम बाय रनिंग' हे कळतं, पण कुणी असं बोलत नाही. कृती तीन टप्प्यांत करा. 'जाणे' किंवा 'येणे' झाका. '-त'वालं क्रियापद मुख्य करा आणि त्याला काळ लावा. मग दिशा 'इन', 'आउट', 'अप', 'डाउन', 'अक्रॉस', 'अलाँग', 'पास्ट', 'थ्रू', 'बॅक' यांतल्या एकात टाका.

मराठीतलाच एक बारीक भेद इथे हाताशी येतो. 'पळत गेला' आणि 'पळून गेला' एक नव्हे. '-त' म्हणजे रीत, '-ऊन' म्हणजे इथून निसटणं. इंग्रजीत पहिल्याला नुसतं 'रॅन' आणि पुढे ठिकाण. दुसऱ्याला 'रॅन अवे'. 'उडत गेला' म्हणजे 'फ्लू', 'उडून गेला' म्हणजे 'फ्लू अवे'. 'वाहून गेला' म्हणजे 'वॉज वॉश्ट अवे'. '-ऊन जाणे' दिसलं आणि खरी गती असेल तर 'अवे' किंवा 'ऑफ' आठवा.

'गो'चे समानार्थी शब्द म्हणून ज्या याद्या पाठ केल्या जातात, त्यातले निम्मे शब्द असे रीतीचेच असतात. यादी पाठ करण्यापेक्षा मराठीतल्या चालीशी जोड्या लावा:

रमतगमत जाणे: स्ट्रोल
ढांगा टाकत जाणे: स्ट्राइड, भूतकाळ स्ट्रोड
थकून पाय ओढत जाणे: ट्रज
लंगडत जाणे: लिम्प
चवड्यांवर, आवाज न करता: टिपटो
चोरपावलांनी: स्नीक किंवा क्रीप, 'क्रीप'चा भूतकाळ क्रेप्ट
झोकांड्या खात: स्टॅगर
दुडुदुडु: टॉडल
ठरवून कुठेच न जाता, भटकत: वॉन्डर
घाईने: हरी, त्याहून घाईने रश

या शब्दांत भाव आहे, म्हणून ते कुठेही टाकू नका. 'ट्रज'मध्ये थकवा किंवा नाखुशी असते. बागेत मजेत फिरणाऱ्याला तो लावला की वाक्य विचित्र होतं. 'स्नीक'मध्ये लपवाछपवी आहे. बाळ झोपलंय म्हणून हळूच बाहेर पडणाऱ्या आईला 'टिपटो' द्या.

वाहनांचंही तेच. गाडीने जाण्याला 'ड्राइव्ह', विमानाने जाण्याला 'फ्लाय', बसला 'टेक द बस'. 'आय गो टू वर्क बाय बस' बरोबर आहेच; 'आय टेक द बस टू वर्क' बोलण्यात जास्त ऐकू येतं. रोजच्या कामासाठी ये-जा करणे, या सगळ्याला मिळून एकच शब्द आहे: 'कम्यूट'. रीत सांगण्यासारखी नसेल तिथे मात्र 'गो'च ठेवा. प्रत्येक वाक्यात 'स्ट्राइड' आणि 'स्ट्रोल' पेरणारा माणूस नाटकी वाटतो.

पायरी ६: निघणे, पोहोचणे, परतणे, हलणे

निघणे म्हणजे 'लीव्ह'. ज्या जागेहून निघालात ती थेट पुढे येते: 'आय लेफ्ट द ऑफिस'. 'लेफ्ट फ्रॉम ऑफिस' ही आपली सवय, ती सोडा. जिकडे निघालात तिकडे 'फॉर' लागतो, 'टू' नाही: 'शी लेफ्ट फॉर द स्टेशन'. लांबच्या प्रवासाला निघणे 'सेट ऑफ' किंवा 'सेट आउट'. 'डिपार्ट' गाड्या-विमानांच्या वेळापत्रकात शोभतो. मित्राला 'आय ॲम डिपार्टिंग' म्हटलंत तर तुम्हीच आगगाडी वाटाल. अमुक दिशेने चाललोय हे सांगायला 'हेड' फार सोयीचा: 'आय ॲम हेडिंग होम'. 'प्रोसीड' हा घोषणा आणि सरकारी पत्रांचा शब्द.

पोहोचणे म्हटलं की आपल्याला 'रीच' सुचतो आणि त्यामागे 'टू' चिकटतो. 'रीच'ला 'टू' नको: 'वी रीच्ड द स्टेशन'. बोलताना त्याहून सहज 'गेट' येतो: 'वी गॉट टू द स्टेशन', 'आय गॉट होम ॲट सेव्हन'. रस्ता विचारतानाही 'हाउ डू आय गेट टू द स्टेशन?' विचारा, कारण तुम्हाला नुसतं जायचं नाही, पोहोचायचंय.

'रिटर्न बॅक' म्हणजे 'परत परतणे'. एकच पुरे: 'रिटर्न' किंवा 'गो बॅक'. आपण जिथे आहोत तिथेच परत येणार असू तर 'कम बॅक'.

हलण्याला 'मूव्ह'. 'गो'ला कुठे तरी पोहोचायचं असतं, 'मूव्ह'ला नसतं. 'द बस इजन्ट मूव्हिंग' म्हणजे बस जागची हलत नाहीये. 'द कार वोन्ट गो' म्हणजे गाडी चालतच नाही, बिघडलीय. 'बज' हा शब्द बहुतेक नकारासोबत येतो: 'इट वोन्ट बज', हलता हलेना. आणि घर बदलणे म्हणजे 'मूव्ह'. आपल्याकडे सर्रास 'वी हॅव शिफ्टेड' म्हणतात. भारताबाहेरच्या माणसाला 'वी हॅव मूव्ह्ड' लगेच कळतं.

पायरी ७: 'गो' आणि पुढे '-इंग'

'गो शॉपिंग', 'गो स्विमिंग', 'गो फिशिंग', 'गो कॅम्पिंग', 'गो सायक्लिंग'. मधे 'टू' किंवा 'फॉर' नको. ही जोडी मुख्यतः हौस, मैदानी व्यायाम आणि खरेदीपुरती आहे, म्हणून 'गो स्टडिंग' होत नाही. 'क्रिकेट खेळायला गेला' यालाही ती चालत नाही. 'ही वेन्ट टू प्ले क्रिकेट' म्हणा.

पुढच्या जागेला काय लावायचं, इथे जवळपास सगळे चुकतात. 'वी वेन्ट स्विमिंग इन द रिव्हर', 'टू द रिव्हर' नाही. जागेचं नातं 'गो'शी नसून पोहण्याशी आहे, आणि पोहायचं नदीत असतं.

'गो अँड सी' आणि अमेरिकन 'गो सी' दोन्ही चालतात. दुसरं मात्र दोन्ही क्रियापदं मूळ रूपात असतील तेव्हाच. भूतकाळात 'वेन्ट अँड सॉ' म्हणावंच लागतं.

पायरी ८: मागचा छोटा शब्द अर्थ बदलतो

'ऑफ'पासून सुरुवात करू, कारण त्याच्याइतका गोंधळ कुणी घालत नाही. 'द अलार्म वेन्ट ऑफ' म्हणजे गजर वाजला. 'द लाइट्स वेन्ट ऑफ' म्हणजे दिवे बंद झाले. एक सुरू झालं, एक बंद पडलं, शब्द तोच. 'द बॉम्ब वेन्ट ऑफ' म्हणजे फुटला. ब्रिटिश बोलण्यात दूध 'गोज ऑफ', अमेरिकेत ते 'गोज बॅड'. लक्षात ठेवायला एक युक्ती: 'ऑफ' म्हणजे सुटणे समजा. अडकवून ठेवलेला गजर सुटला, बॉम्ब सुटला, दिव्याचा संबंध सुटला, दूध चांगल्यातून सुटलं. व्युत्पत्ती म्हणून नव्हे, आठवण म्हणून ठीक आहे.

'गो ऑन' म्हणजे चालू राहणे, आणि घडणे: 'व्हॉट इज गोइंग ऑन?' त्याच्यापुढे '-इंग' आलं तर तीच क्रिया चालू. 'टू' आलं तर पुढची क्रिया सुरू. 'ही वेन्ट ऑन टॉकिंग', तो बोलतच राहिला. 'ही वेन्ट ऑन टू टॉक अबाउट मनी', आधीचं संपवून तो पैशांबद्दल बोलू लागला.

'गो आउट' माणसाचं असेल तर बाहेर जाणे, दोघांचं असेल तर एकमेकांबरोबर असणे, दिव्याचं किंवा आगीचं असेल तर विझणे. 'गो ओव्हर' म्हणजे पुन्हा एकदा नजरेखालून घालणे. 'गो थ्रू' म्हणजे सोसणे, किंवा एकेक पाहत जाणे. 'गो विदाउट' म्हणजे त्याच्यावाचून भागवणे. 'गो बॅक ऑन' शब्दाच्या बाबतीत येतं, दिलेला शब्द फिरवणे. 'गो बॅक टू'शी त्याची गल्लत करू नका. 'दिस शर्ट गोज विथ दोज ट्राउझर्स', शर्ट त्या पँटवर जातो: इथे मराठीतही जातोच.

पायरी ९: रंग जाणे, केस पिकणे, पायाला मुंग्या येणे

'गो'च्या पुढे विशेषण आलं की 'होणे'. केस पांढरे झाले, 'हिज हेअर वेन्ट ग्रे'. टक्कल पडलं, 'ही वेन्ट बॉल्ड'. बहिरा झाला, 'ही वेन्ट डेफ'. लाजून लाल झाली, 'शी वेन्ट रेड'. हा 'गो' बहुतेक बिघाडाच्या किंवा रंगबदलाच्या बाजूला असतो. चांगल्या बदलाला तो सहसा येत नाही: बरा झाला, 'ही गॉट वेल', स्वप्न खरं झालं, 'इट केम ट्रू'. राग, थकवा, भूक यांनाही 'गेट'. आणि पायाला मुंग्या आल्या, तर इंग्रजीत पाय झोपायला जातो: 'माय फूट हॅज गॉन टू स्लीप'.

'गोइंग टू'चा भविष्यकाळ तुम्हाला ठाऊक असेलच. बोलताना त्याचं 'गॉना' होतं, पण पुढे क्रियापद असेल तरच. 'आय ॲम गॉना कॉल हिम' चालतं. 'आय ॲम गॉना द बँक' चालत नाही, कारण तिथे खरंच जायचंय.

पायरी १०: रोज कानावर पडणारे तुकडे

'हिअर यू गो', वस्तू हातात देताना: हे घ्या. 'गो अहेड', बोला, करा, माझी हरकत नाही. 'इट्स युअर गो', खेळात तुमची पाळी. 'हॅव अ गो', करून तर बघा. ही दोन्ही ब्रिटिश वळणाची. 'टू डेज टू गो', अजून दोन दिवस बाकी. 'व्हेअर डज दिस गो?', हे कुठे ठेवायचं असतं? 'हाउ डज द ट्यून गो?', चाल कशी आहे? अमेरिकेत काउंटरवर 'फॉर हिअर ऑर टू गो?' विचारतील, इथेच घेणार की बांधून देऊ, एवढाच प्रश्न. 'दे लेट हिम गो' मात्र सांभाळून ऐका. सोडून दिलं हा अर्थ आहेच, पण नोकरीच्या संदर्भात कामावरून काढलं, असं ते सभ्य शब्दांत सांगणं असतं.

आता पुढची आठ वाक्यं खालची उत्तरं झाकून करून पाहा. 

१. मी चालत ऑफिसला जातो. २. चोर पळून गेला. ३. तो जाऊन आला आहे. ४. मी तिचं नाव विसरून गेलो. ५. आम्ही तळ्यावर पोहायला गेलो. ६. मी सहाला ऑफिसमधून निघालो. ७. ती लंगडत आत गेली. ८. मेणबत्ती विझली.

१. आय वॉक टू द ऑफिस. २. द थीफ रॅन अवे. 'गॉट अवे' म्हटलं तर हाती लागला नाही, हा अर्थ ठळक होतो. ३. ही हॅज बीन, आणि पुढे ठिकाण असेल तर 'टू'. ४. आय फर्गॉट हर नेम. ५. वी वेन्ट स्विमिंग इन द लेक. ६. आय लेफ्ट द ऑफिस ॲट सिक्स. ७. शी लिम्प्ट इन. ८. द कँडल वेन्ट आउट. कुणी फुंकून विझवली असेल तर 'वॉज ब्लोन आउट'.